वैद्यांची पंचायत व रोग्याचा शब्द

“पांचामुखीं परमेश्वर” असें आपण म्हणतों, आणि त्याच तोंडानें “बारभाईंची खेती, काय लागेल हातीं” असेंही म्हणतों. दोन्ही म्हणी एकाच गांवांत, कित्येकदां एकाच पारावर, एकाच मनुष्याच्या तोंडून ऐकूं येतात, आणि त्यांपैकीं कोणती कोणत्या प्रसंगीं खरी, हें ठरविण्याचा त्रास सहसा कोणी घेत नाहीं. बांधाचा तंटा पांच जणांनीं मिटविला तर पहिली म्हण आठवते. भावाभावांच्या सामाईक विहिरीवरील मोटार वर्षभर नादुरुस्त पडून राहिली म्हणजे दुसरी. आज या दोन म्हणींचा विचार एका अशा ठिकाणीं करावयाचा आहे कीं, जेथें शेताचा अगर पाण्याचा नव्हे, तर एका मनुष्याच्या उरलेल्या आयुष्याचा निवाडा पांचसात जण बसून करीत असतात.

फुप्फुसाचा कर्करोग आपल्या नाशिक जिल्ह्यास नवा नाहीं. सिन्नरची विडी दूरवर जाते, आणि ती वळणारे हात व ओढणारीं तोंडें, दोन्ही आपल्याच खेड्यांत आहेत. तथापि या रोगाचें नांव निघतांच रोग्याच्या खिशांत विडी शोधण्याची जी संवय लोकांस लागली आहे ती अन्यायाची आहे. ज्यांनीं जन्मांत विडीस स्पर्श केला नाहीं अशा पुष्कळ मनुष्यांस, आणि त्यांत स्त्रिया बऱ्याच, हा रोग होतो. तो येतो तोही वेष पालटून. खोकला, वजन घटणें, थुंकींत रक्त, छातीच्या फोटोंत डाग, हीं सर्व लक्षणें क्षयाचींही असल्यामुळें, आणि क्षय आपल्या देशांत फार असल्यामुळें, कित्येक रोग्यांस पहिले कांहीं महिने क्षयाच्याच गोळ्या दिल्या जातात. यांत तालुक्याच्या डॉक्टरास दोष देणें सोपें आहे. परंतु त्याच्या दारीं खोकत येणाऱ्यांपैकीं बहुतेकांस खरोखरच दुसरें कांहीं झालेलें असतें. परिणाम मात्र असा होतो कीं, खरें निदान होईपर्यंत रोग तिसऱ्या किंवा चौथ्या पायरीस पोहोंचलेला असतो. चौथ्या पायरीस तो फुप्फुसाबाहेर पडून हाडांत, मेंदूंत, यकृतांत अगर दुसऱ्या फुप्फुसांत गेलेला असतो. तेथें समूळ बरें होण्याची आशा बहुधा नसते. आयुष्य लांबविणें आणि त्रास हलका करणें एवढें हातीं राहातें. परंतु हें एवढेंही थोडें नव्हे, आणि तें कसें साधावें याचाच प्रश्न असतो.

पूर्वीं रोगी ज्याच्या दारीं प्रथम जाई त्याच्या विद्येप्रमाणें त्याचें औषध होई. शस्त्रवैद्याकडे गेला तर चाकू, किरणांच्या डॉक्टराकडे गेला तर किरण, औषधांच्या डॉक्टराकडे गेला तर शिरेंतून औषध. यांत कोणाची लबाडी होती असें नाहीं. आंब्याच्या झाडांत सुतारास फळी दिसते आणि माळ्यास मोहोर दिसतो, त्यांतलाच हा प्रकार. पण हा रोग एका विद्येच्या आटोक्यांत राहात नाहीं. मांडीच्या हाडांत तो उतरला असेल तर हाड मोडण्यापूर्वीं त्यास सळईचा आधार द्यावा, कीं आधीं किरण द्यावे? मेंदूंत गांठ असेल तर गोळी पुरेल काय? छातींत पाणी भरलें असेल तर तें काढल्यावांचून औषध सोसेल काय? आणि मुळांत गांठीचा जो तुकडा काढून तपासला, तो सर्व परीक्षा करण्यास पुरेसा होता काय? या प्रत्येक प्रश्नाचें उत्तर निराळ्या माणसापाशीं असतें. म्हणून मोठ्या इस्पितळांत हे सर्व डॉक्टर ठराविक दिवशीं एका खोलींत जमतात, एकेका रोग्याचीं चित्रें पडद्यावर लावलीं जातात, आणि वाद होऊन एक मत ठरतें. या सभेस ट्यूमर बोर्ड असें म्हणतात. इंग्लंडांत १९९५ सालच्या एका सरकारी समितीच्या अहवालानंतर या रीतीनें चांगलें मूळ धरलें.

आपल्याकडे या रीतीचें मोठें घर म्हणजे मुंबईंत परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहरबाई या १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें वारल्या. पुढें दोराबजींच्या नांवच्या विश्वस्त निधींतून हें रुग्णालय उभें राहून २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें, आणि १९६२ पासून तें भारत सरकारच्या अणुऊर्जा खात्याकडे आहे. तेथें अवयववार डॉक्टरांचे गट आहेत; छातीच्या रोग्याचा विचार छातीचा गट करतो, आणि त्या गटांत शस्त्र, किरण व औषध या तिन्ही विद्यांचे लोक असतात. २०१२ सालीं देशांतील कर्करोगाच्या इस्पितळांचें एक जाळें, नॅशनल कॅन्सर ग्रिड या नांवानें, बांधण्यांत आलें. त्यायोगें लहान ठिकाणच्या डॉक्टरासही आपल्या रोग्याची हकीकत पडद्यावरून दूरच्या तज्ज्ञांपुढें मांडतां येते. नाशिक शहरांतही आतां कर्करोगाचीं इस्पितळें झालीं आहेत. पहाटेची पंचवटी गाडी धरून, कसाऱ्याचा घाट उतरून, दादरच्या गाडगे महाराजांच्या धर्मशाळेंत पथारी टाकणें आतां प्रत्येकास भाग पडत नाहीं.

या रीतीचा मी पूर्ण पक्षपाती आहें, हें प्रथम सांगून टाकतों. एका मनुष्याचा घमेंडखोरपणा, विसराळूपणा अगर लोभ, यांवर पांचांच्या सभेसारखा दुसरा लगाम नाहीं. महागडें औषध जर एकट्याच्या मनांत आलें असेल तर त्याला तें चौघांपुढें बोलून दाखवावें लागतें, आणि चौघांपुढें बोलतांना मनुष्य आपोआप अधिक प्रामाणिक होतो. येथवर पहिली म्हण खरी ठरते. परंतु येथेंच थांबल्यास आपण अर्धीच गोष्ट पाहिली असें होईल.

ती खोली पुन्हा एकदां डोळ्यांपुढें आणा. दिवा मंद आहे, पडद्यावर कोणाचें तरी फुप्फुस आहे, त्यांतील पांढरा डाग सर्वांस दिसत आहे. ज्याचें तें फुप्फुस आहे तो खोलींत नाहीं. तो बाहेर बाकावर आहे, किंवा त्या दिवशीं आलेलाच नाहीं. समजा, तो सिन्नर तालुक्यांतील एक साठीचा शेतकरी आहे. घरचे त्यास आबा म्हणतात. त्याच्या फाइलींत त्याचें वजन आहे, रक्ताचा अहवाल आहे, तुकड्याचा अहवाल आहे, तो स्वतः चालूं शकतो कीं नाहीं याची नोंद आहे. पण त्या फाइलींत सातबारा नाहीं. थोरल्या मुलानें ट्रॅक्टरकरितां काढलेलें कर्ज नाहीं. धाकट्या मुलीचें लग्न वैशाखांत ठरलें आहे हें नाहीं. सुईची त्यास भीति वाटत नाहीं, पण परगांवीं मरण येण्याची फार वाटते, हेंही नाहीं. सभेंत एकेका रोग्याच्या वांट्यास कांहीं मिनिटें येतात. त्या मिनिटांत जें कागदावर आहे त्याचाच विचार होणार. पाश्चात्य देशांत ज्यांनीं अशा सभांच्या कामाची तपासणी केली त्यांस आढळलें कीं, सभेचे कांहीं निर्णय पुढें अमलांतच येत नाहींत, आणि त्याचें एक ठळक कारण हें कीं, रोग्याचे इतर आजार व त्याची स्वतःची इच्छा सभेपुढें मांडलीच गेलेली नव्हती. म्हणजे निवाडा चुकला नाहीं. निवाडा एका कल्पित मनुष्याचा झाला, आणि खरा मनुष्य बाकावर बसून राहिला.

हें केवळ सोयीगैरसोयीचें प्रकरण आहे असें कोणास वाटेल. तसें नाहीं. परळच्याच रुग्णालयांत झालेल्या एका मोठ्या प्रयोगावरून मी हें दाखवितों. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या कांहीं रोग्यांत ईजीएफआर नांवाच्या जनुकांत बदल झालेला असतो. तुकडा तपासून तो कळतो, आणि असा बदल असेल तर जेफिटिनिब नांवाची रोज एक गोळी पुष्कळ दिवस रोग आवरून धरते. टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनीं असे ३५० रोगी घेऊन दोन भाग केले. एका भागास नुसती गोळी दिली. दुसऱ्यास गोळी आणि त्याबरोबर दर तीन आठवड्यांनीं शिरेंतून औषधें दिलीं. २०२० सालीं त्याचा वृत्तांत छापून प्रसिद्ध झाला. नुसत्या गोळीवर रोग मध्यम मानानें ८ महिने थोपून राहिला. दोन्हींवर १६ महिने. दुसऱ्या भागांतील रोगी एकंदरींत जगलेही अधिक. परंतु औषधाचा जबर त्रास पहिल्या भागांत शेंकडा २५ जणांस झाला, दुसऱ्यांत शेंकडा ५१ जणांस. आज याहून नव्या गोळ्याही निघाल्या आहेत. पण प्रश्नाचें स्वरूप त्यांनीं बदललेलें नाहीं.

आतां सभेस विचारा, यांत चांगलें कोणतें? ती म्हणेल, दुसरें. आणि आंकड्यांकडे पाहतां ती बरोबर म्हणेल. पण आबास विचारा. दर तीन आठवड्यांनीं इस्पितळाची खेप, मुलाचा बुडालेला दिवस, तोंडाची गेलेली चव, कधीं रक्त चढविणें, कधीं तापानें भरती होणें, या किंमतीस रोग आणखी ८ महिने थोपणार असेल, तर तो कदाचित् म्हणेल, “घेतों. लेकीचें लग्न पाहीन, आणि नातवंडाचें तोंडही पाहीन.” किंवा म्हणेल, “नको. गोळी द्या, मला माझ्या ओट्यावर बसूं द्या.” दोन्ही उत्तरें शहाण्या मनुष्याचीं आहेत. रोग किती थोपेल हें ज्ञानाचें काम आहे, आणि त्यांत पांच डॉक्टर एका आबापेक्षां श्रेष्ठ आहेत. पण तें आयुष्य कशाकरितां हवें, आणि त्याकरितां किती सोसणें योग्य, हें ज्ञानाचें काम नव्हेच. तेथें पांच डॉक्टर काय, पन्नास बसविले तरी उत्तर निघणार नाहीं. कारण तें उत्तर खोलींत नाहीं, बाकावर आहे.

बारभाई हा शब्द उच्चारतांच इतिहासांतले बारभाई आठवतात. आमच्या नाशिकाजवळची आनंदवल्ली ज्याच्यामुळें प्रसिद्धीस आली त्या राघोबादादाविरुद्ध, नारायणराव पेशव्यांचा १७७३ सालीं खून झाल्यावर, नाना फडणीस, सखारामबापू आदिकरून मुत्सद्द्यांनीं एकत्र येऊन राज्य हातीं घेतलें. आणि १७७४ सालीं जन्मलेल्या सवाई माधवरावास चाळीस दिवसांचा असतांनाच पेशवाईचीं वस्त्रें देवविलीं. त्या मंडळानें राज्य राखिलें यांत संशय नाहीं. मूल पाळण्यांत होतें. त्याच्या नांवानें दुसऱ्या कोणीं तरी बोलणें प्राप्तच होतें. पण मूल वाढलें, बोलूं लागलें, मिसरूड फुटलें, तरी कारभाऱ्यांचा पहारा सैल झाला नाहीं. आणि १७९५ सालीं, २१ वर्षांचा असतां, तो तरुण शनिवारवाड्यांत वरून पडून मरण पावला. त्याच्या मरणाविषयीं इतिहासकारांत मतभेद आहेत, त्यांत मी पडत नाहीं. मला एवढेंच म्हणावयाचें आहे कीं, ज्यास वाचा नाहीं त्याच्या वतीनें कारभार करणें आणि ज्यास वाचा आहे त्यास विचारल्यावांचून कारभार करणें, या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसल्या तरी एक नव्हेत. आबा पाळण्यांत नाहीं. त्यानें चाळीस वर्षें शेती केली, दोन दुष्काळ काढले, तीन लेंकरांचीं लग्नें ठरविलीं.

मग त्याला बाळ कोण करतो? डॉक्टर करतात असें म्हणून मोकळें होतां येईल. पण वाचकहो, खरें पाहूं गेल्यास बहुधा आपणच करतों. दवाखान्याच्या दाराशीं थोरला मुलगा डॉक्टरास बाजूस घेऊन म्हणतो, “डॉक्टरसाहेब, आबांना कांहीं सांगूं नका. छातींत कफ झालाय, एवढंच सांगा. नांव ऐकलं तर ते हाय खातील.” हें तो दुष्टपणानें म्हणत नाहीं, त्याच्या डोळ्यांत पाणी असतें. डॉक्टरही पुष्कळदां ऐकतो, कारण बाहेर अजून तीस रोगी बसलेले आहेत आणि रोग्यापेक्षां मुलाशीं बोलणें सोपें आहे. पुढें सभेंत प्रश्न निघतो, रोग्याचें म्हणणें काय? उत्तर मिळतें, “नातेवाईक म्हणतात, शक्य असेल तें सर्व करा.” आणि तें उत्तर रोग्याचें म्हणून लिहिलें जातें.

“सर्व करा” हा शब्द मीं आजाऱ्यांच्या घरीं पुष्कळ वेळां ऐकला आहे, आणि तो कोणाच्या कानांकरितां उच्चारला जातो याचा विचार केला आहे. कित्येकदां तो आजाऱ्याच्या कानांकरितां नसतोच. तो भावकीच्या, व्याह्यांच्या व गांवच्या कानांकरितां असतो. बाप गेल्यावर दहाव्याच्या दिवशीं कोणी म्हणूं नये कीं, पोरांनीं पैसा राखला आणि बाप घालविला. त्या एका वाक्याच्या भीतीनें विहिरीजवळचें एकर विकलें जातें. महात्मा जोतिराव फुले यांच्या नांवची जी सरकारी आरोग्य योजना आहे तींत कर्करोगाचे पुष्कळ उपचार बसतात, आणि तिनें अनेक घरें तारलीं आहेत. पण खेपा, मुक्काम, बुडालेली मजुरी व योजनेबाहेरचीं औषधें हीं घरच्याच गांठोड्यांतून जातात. आणि ज्याच्याकरितां एकर विकलें त्यास जर विचारलें असतें, तर कदाचित् त्यानेंच हात आडवा घातला असता. बापाच्या प्रेमाखातर बापाची इच्छा मोडणें ही विचित्र गोष्ट आहे, पण ती रोज घडते.

शिवाय लपविलेलें लपत नाहीं. आबा आंधळा नाहीं. तो वॉर्डांतील शेजारच्या खाटा पाहातो, पाटीवरील अक्षरें वाचतो, सून चुलीपाशीं डोळे पुसते तें पाहातो. त्यास कळतें, पण आपल्यास कळलें हें कळल्यास पोरें खचतील म्हणून तोही बोलत नाहीं. असें एका घरांत दोन बाजूंनीं नाटक चालू होतें. ज्या दिवसांत बापलेकांनीं जमिनीच्या वांटणीचें, देण्याघेण्याचें, जुन्या रागलोभाचें मोकळेपणानें बोलावयाचें, ते दिवस “आज बरं वाटतंय ना?” आणि “वाटतंय” यांत संपतात.

कायद्यानें या बाबतींत आपल्यापेक्षां अधिक स्पष्ट भूमिका घेतली आहे. २००८ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें एका स्त्रीचा दावा आला. ती तपासणीकरितां गुंगींत असतां डॉक्टरानें बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमति घेऊन तिची मोठी शस्त्रक्रिया केली होती. न्यायालयानें ठरविलें कीं, प्रौढ व शुद्धीवर येऊं शकणाऱ्या रोग्याच्या जागीं आईची संमति चालत नाहीं. जिवावरचें संकट नसेल तर रोगी शुद्धीवर येईपर्यंत थांबलें पाहिजे. पुढें २०१८ सालीं त्याच न्यायालयाच्या पांच न्यायाधीशांनीं असेंही ठरविलें कीं, बरें होण्याची आशा नसतां आपणांस यंत्रांच्या आधारें जगवीत ठेवावें कीं नाहीं हें मनुष्यास अगोदर लिहून ठेवतां येईल. आणि २०२३ सालीं त्याची रीत सोपी करून दोन साक्षीदार व नोटरी अगर राजपत्रित अधिकारी एवढ्यांपुढें तो कागद करण्याची मोकळीक दिली. तेथेंही डॉक्टरांचीं मंडळें नेमलेलीं आहेत. मंडळानें रोगाची अवस्था पाहावयाची. शब्द मात्र रोग्याचा.

यावर दोन आक्षेप येतील, आणि ते हलके नाहींत. पहिला असा कीं, खरें सांगितल्यानें मनुष्य खचून लवकर मरतो. याविषयीं अमेरिकेंतील बोस्टन शहरीं झालेला एक प्रयोग लक्षांत घेण्याजोगा आहे. त्याचा वृत्तांत २०१० सालीं प्रसिद्ध झाला. फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाचे १५१ रोगी होते. अर्ध्यांस नेहमींचे उपचार दिले. अर्ध्यांस त्याच उपचारांबरोबर पहिल्यापासून अशा डॉक्टरांची व परिचारिकांची गांठ घालून दिली कीं ज्यांचें काम वेदना व दम हलका करणें, मनाचा भार ऐकून घेणें, आणि आपल्या रोगाची स्थिति काय आहे हें रोग्यास समजून घेण्यास मदत करणें, हें होतें. या दुसऱ्या भागांतील रोग्यांचे दिवस अधिक सुखाचे गेले, ते कमी खिन्न झाले, शेवटीं शेवटीं त्यांपैकीं थोड्यांनींच जबर उपचार घेतले. आणि असें असून ते मध्यम मानानें ११.६ महिने जगले, तर नेहमींच्या उपचारांवरचे ८.९ महिने. यावरून सत्य हें औषध आहे असें मी म्हणत नाहीं; तेवढें या प्रयोगानें सिद्ध होत नाहीं. पण सत्य हें विष आहे, हें म्हणणें आतां कठीण झालें आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. लोक म्हणतात, “रोग्याचा शब्द, रोग्याचा शब्द, हें शहरी पुस्तकांतलें बोलणें आहे. आपल्याकडे मनुष्य एकटा नसतो. त्याचें दुखणें घराचें दुखणें, त्याचें कर्ज घराचें कर्ज. मग निर्णय घरानें केला तर बिघडलें कोठें?” यांत पुष्कळ तथ्य आहे, आणि जे विद्वान रोग्यास रानांतल्या एकट्या झाडासारखा समजतात त्यांनीं एकदां एखाद्या वाड्यांत राहून पाहावें. पुष्कळ वृद्ध मनुष्यें सरळ म्हणतात, “मला काय विचारतां, माझा मुलगा सांगेल तें.” असें म्हणण्याचा त्यांस अधिकार आहे. कांहींस रोगाचें नांवही ऐकावयाचें नसतें, आणि तोही त्यांचा अधिकार आहे. कोणाच्याही कानांत सत्य बळेंच ओतूं नये. पण येथें एक बारीक भेद आहे. आबानें आपला शब्द मुलाच्या हातीं देणें ही एक गोष्ट. मुलानें तो न विचारतां उचलून नेणें ही दुसरी. पहिल्यांत बाप बापच राहातो. कारभार सोंपविणारा धनी तो असतो. दुसऱ्यांत त्याचा धनीपणाच गेलेला असतो. आणि हा भेद राखण्यास मोठी विद्या लागत नाहीं. “आबा, दुखण्याविषयीं डॉक्टर जें सांगतील तें तुम्हांला सगळं ऐकायचं आहे, का आम्हीं ऐकून ठरवावं?” एवढें एक वाक्य, घरच्या माणसानें, गर्दी नसतां, त्यांच्या खाटेजवळ बसून विचारणें पुरे आहे. तें विचारण्यास धैर्य लागतें हें मला माहीत आहे.

आजाऱ्याच्या भेटीस जाणारे जे आपण, त्या आपणांसही या नाटकांत पात्र दिलें जातें. उंबऱ्यावरच सांगतात, “त्यांना बरं होणार म्हणून सांगा, आणि तशीच प्रार्थना करा.” माझा परिपाठ असा आहे कीं, जें मला ठाऊक नाहीं त्याचें वचन मी देत नाहीं; आणि आजाऱ्यानें आपण होऊन विचारलें तर त्यास विचारूं देतों, विषय पालटीत नाहीं. पुष्कळदां त्यास उत्तर नकोच असतें. आपण बोललों तर समोरचा पळून जाणार नाहीं, एवढेंच त्यास पाहावयाचें असतें.

सभेकडे पुन्हा वळूं; कारण दुसऱ्या म्हणीचें देणें अद्याप राहिलें आहे. बारभाईंच्या शेतींत पीक बुडतें तें बारा डोकीं वाईट असतात म्हणून नव्हे, तर पाणी देण्याची पाळी कोणाची हें ठरलेलें नसतें म्हणून. डॉक्टरांच्या सभेंतही हें भय आहे. “मंडळानें असें ठरविलें” हें वाक्य फार सोयीचें आहे. त्यांत कोणाचाच चेहरा नाहीं. रोगी विचारतो, “आपण असें कां ठरविलें?” आणि समोरचा तरुण डॉक्टर म्हणतो, “बोर्डाचा निर्णय आहे.” यास्तव प्रत्येक रोग्यास त्या सभेंतील एक डॉक्टर आपला म्हणून ठाऊक असला पाहिजे. सभेपूर्वीं यानेंच त्याच्याशीं बोलून त्याचा शब्द आंत न्यावा, आणि सभेनंतर यानेंच बाहेर येऊन, खुर्ची ओढून बसून, सभेचें मत त्याच्या भाषेंत सांगावें. आपणही हें मागूं शकतों. “आमच्या आबांचा डॉक्टर कोणता, आणि त्यांना काय हवंय हें आपण लिहून घेतलं का?” असें विनयपूर्वक विचारल्यास कोणी रागावत नाहीं, आणि रागावलाच तरी विचारावें.

त्या सभेंत वेदना हलक्या करणाऱ्या डॉक्टराचीही जागा असावी, आणि ती पहिल्या दिवसापासून असावी. “आतां कांहीं करण्यासारखें नाहीं” हें वाक्य आपल्या दवाखान्यांत अद्याप फार ऐकूं येतें, आणि तें खोटें आहे. दम लागणें, हाडांतील कळ, रात्रीची भीति, यांवर करण्यासारखें पुष्कळ आहे. मुंबईंत वांद्रे येथें १९८६ सालीं निघालेलें शांति आवेदना सदन हें अशा शुश्रूषेचें आपल्या देशांतील पहिलें घर. मॉर्फिन हें वेदनेवरील औषध १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याच्या धाकानें पुष्कळ ठिकाणीं मिळेनासें झालें होतें. २०१४ सालीं तो कायदा सुधारून मान्यता मिळालेल्या संस्थांस तें ठेवणें सुलभ केलें गेलें. तरी खेड्यापर्यंत तें अजून नीट पोहोंचलेलें नाहीं. पांच एकर राखण्याची जेवढी खटपट आपण करतों तेवढी या एका बाटलीकरितां करण्यास हरकत नाहीं.

आणखी एक गोष्ट, जी डॉक्टरही विसरतात. एकदां विचारून भागत नाहीं. दर कांहीं महिन्यांनीं पुन्हा फोटो निघतो, रोग वाढला कीं थांबला हें कळतें, आणि सभा पुन्हा बसते. मार्गशीर्षांत ज्यानें “सगळं करा” म्हटलें, तोच फाल्गुनांत, अंगांत त्राण उरलें नसतां, “आतां पुरे” म्हणूं शकतो. आणि पहिल्यानें नको म्हणणारा, गोळीनें दम हलका झाल्यावर, “अजून एक औषध आहे म्हणतां, तें बघूं या” असेंही म्हणतो. मागील कागदावर जें लिहिलें आहे त्यावरून पुढील औषध लिहिणें हें त्या मनुष्यास मागेंच सोडून पुढें जाण्यासारखें आहे. म्हणून सभेच्या आदल्या दिवशीं त्याला पुन्हा विचारावें, आणि विचारतांना मुलानें दाराशीं उभें राहूं नये, खाटेवर बसावें.